‘संशयकल्लोळ’कार कै. देवल

१६६० साली पॅरिसमध्ये मोलिएरने एक प्रहसन रंगभूमीवर आणले. बायको परपुरुषाच्या नादी लागली, या भ्रमाने पछाडलेला एक गृहस्थ, एक हरवलेली तसबीर आणि दोन प्रेमी जीव, एवढेच त्याचे भांडवल. १७६१ साली आर्थर मर्फीने त्यावरून इंग्रजी नाटक रचले. पुढे कृष्णाकाठच्या एका शाळामास्तराने त्यास असे मराठी केले की, फाल्गुनराव मूळचा परदेशी हे सांगूनही कोणास पटू नये. ते मास्तर म्हणजे कै. गोविंद बल्लाळ देवल.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ चा. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर हे त्यांचे गाव. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटकाचा नारळ फोडला ती सांगली तेथून अगदी जवळ. तथापि नाटकाची दीक्षा देवलांस मिळाली ती बेळगावात. शिक्षणासाठी ते तेथे गेले, तेव्हा बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर तेथे शिक्षक होते. गुरुशिष्यांची गाठ पडली ती जन्माची. मॅट्रिक झाल्यावर देवलांनीही बेळगावातच काही काळ शिक्षकी केली. १८८० साली पुण्यास ‘शाकुंतल’ उभे राहिले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. देवल किर्लोस्करांच्या मंडळीत नट म्हणून वावरले. तालीममास्तर म्हणून तर त्यांचा लौकिक मोठाच झाला. १८८५ साली अण्णासाहेब निवर्तले, पण त्यांनी लावलेला वेल शिष्याने सुकू दिला नाही.

देवलांची नाटके एकंदर सात. त्यांपैकी १८९९ ची ‘शारदा’ तेवढी सर्वस्वी स्वतंत्र. पैशासाठी कोवळी मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधण्याच्या रूढीवर तिने कोरडा ओढला. बाकी सहांचे मूळ परक्याचे. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चा त्यांनी ‘झुंजारराव’ केला. पण परक्याचे घ्यावे आणि आपलेसे करून सोडावे, ही त्यांची हातोटी. १८९३ च्या सुमारास त्यांनी लिहिलेल्या ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या गद्य नाटकात ती पुरी दिसते.

रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि ते नेमके कृत्तिकेच्या दृष्टीस पडते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेस सापडते, आणि आता संशयाची पाळी फाल्गुनरावाची! येथवर मोलिएरच. परंतु त्याची नायिका घरंदाज कन्या; देवलांची रेवती नायकिणीची मुलगी. अश्विनशेट तिच्याशी लग्न करू इच्छितो. अशा मुलीच्या निष्ठेविषयी शंका घ्यायला जग टपलेलेच असते. म्हणून येथे चुकीच्या तर्काने नुसते हसू होत नाही. एका मुलीचे संसाराचे स्वप्न पणास लागते. ‘शारदे’चा कर्ता विनोदातही स्त्रीचे दुःख विसरला नाही.

आयुष्याच्या अखेरीस देवलांनी या नाटकासाठी पदे रचली. १४ जून १९१६ रोजी ते वारले. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. शेकडो नटांना बोलायला, चालायला शिकविणाऱ्या या मास्तरांस आपल्याच नाटकातील तो हशा आणि ती गाणी ऐकण्याचे भाग्य मात्र लाभले नाही. प्रेक्षक अजून हसत आहेत, यातच त्यांचे स्मारक आहे.