तड्यांचा हिशेब मांडणारा ग्रिफिथ

ग्रिफिथचं समीकरण आपण सगळेच पाठ करतो, मार्क मिळवतो आणि विसरतो. पण हा ग्रिफिथ होता तरी कोण? मी शोधायला बसलो आणि माणूस आवडूनच गेला.

ॲलन अरनॉल्ड ग्रिफिथचा जन्म १८९३ सालचा, लंडनचा. लिव्हरपूल विद्यापीठात मेकॅनिकल शिकून १९१५ मध्ये तो फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात लागला. जी. आय. टेलरबरोबर साबणाच्या पातळ पडद्यावरून पीळ दिलेल्या दांड्यातला ताण काढायची युक्ती त्याने १९१७ मध्ये मांडली.

मग त्याला प्रश्न पडला, की अणूंची पकड एवढी मजबूत, तर काच इतक्या कमी ओढीला का तुटते? गड्याने काचेचे बारीक बारीक तंतू ओढले आणि तोडून पाहिले. एक मिलिमीटरची काडी १७० मेगापास्कलच्या आसपास तुटली. तीन-साडेतीन मायक्रॉनचा तंतू मात्र ३४०० पर्यंत टिकला! काच तीच, ताकद वीसपट. कारण जाड काडीत मोठा तडा लपू शकतो, बारीक तंतूत त्याला जागाच नसते. तडा वाढताना मोकळी होणारी ऊर्जा नवा पृष्ठभाग तयार करायला पुरली, की तो धावत सुटतो. तडा चौपट, तर ताकद निम्मी. हा निबंध १९२१ मध्ये छापून आला.

पुढे तो जेट इंजिनांकडे वळला. फ्रँक व्हिटलच्या कल्पनेवर त्याने प्रतिकूल मत दिलं, हेही खरं. १९३९ ते १९६० तो रोल्स-रॉइसमध्ये होता. १९६३ मध्ये वारला. त्याच दशकात जास्त ताकदीचा कार्बन फायबर तयार झाला तो फार्नबरोलाच!

कार्बन कंपोझिटमध्ये पाच ते सात मायक्रॉनचे हजारो तंतू रेझिनमध्ये बसवलेले असतात. एखादा तंतू कमजोर जागी तुटला, तर रेझिन त्याचा भार शेजाऱ्यांवर टाकतं. तंतू आणि रेझिनची पकड फार सैल असेल तर भार पोचत नाही. फार घट्ट असेल तर तडा सरळ शेजारच्या तंतूत घुसतो आणि नमुना ठिसळासारखा तुटतो. पकड बेताची असेल तर तडा तंतूच्या कडेने वळतो.

म्हणून यूटीएमवर नमुना तुटला, की मी आता नुसता आकडा लिहून मोकळा होत नाही. तुटलेलं टोक भिंगाखाली बघतो. ब्रशसारखं पिंजलंय की सपाट आहे? रेझिनमध्ये पोकळ्या राहिल्यात का? बोइंग ७८७ च्या वजनात जवळपास निम्मं कंपोझिट आहे. उद्या असे भाग आपल्यापैकीच कुणीतरी तपासून पास करणार. तेव्हा नुसती सरासरी ताकद बघून सही करू नका. वस्तू तुटते ती तिच्यातल्या सगळ्यात वाईट तड्यापासून.