दोन गोळ्या आणि परळची डॉक्टरीणबाई

मैत्रिणींनो, आमच्या वन्सं राजारामपुरीत राहतात. त्यांच्या फ्रिजवर औषधांचे दोन डबे असतात. एक धाकट्या सुनेचा. तिला दिवस गेलेत, म्हणून रोज फॉलिक अ‍ॅसिडची गोळी. दुसरा थोरल्या लेकाच्या मुलीचा. सहा वर्षांची पोर, रक्ताचा कॅन्सर. तिला आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट. एकदा पोर पांढरीफटक दिसली, तर वन्संनी सुनेची रक्तवाढीची गोळी तिच्या हातावर ठेवलीसुद्धा! तिची आई धावली म्हणून बरं. डॉक्टरांनी मग समजावलं, या दोन गोळ्या एकमेकींच्या विरुद्ध काम करतात. मला काही चैन पडेना. वाचत गेले आणि भेटल्या ल्युसी विल्स.

ल्युसीबाई इंग्लंडच्या, जन्म १० मे १८८८ चा. केंब्रिजला शिकल्या, पण तेव्हा तिथं बायकांना पदवीच देत नसत. मग लंडनला जाऊन १९२० मध्ये डॉक्टर झाल्या. लग्न केलं नाही. १९२८ साली मुंबईत आल्या, परळच्या हाफकिन संस्थेत कामाला लागल्या. गिरणीतल्या गरोदर बायकांच्या अंगातलं रक्त पार आटायचं, कितीतरी जणी बाळंतपणात जायच्या. बाईंनी आधी जंतू शोधले, ते सापडले नाहीत. मग त्यांनी बायकांच्या ताटात डोकावून बघितलं. भाजी, फळं, दूध नावालाच! तसंच अन्न त्यांनी उंदरांना घातलं, तर उंदीरही आजारी पडले. यीस्टचा स्वस्तातला अर्क दिल्यावर मात्र सुधारणा दिसली. बायकांनाही तो दिला आणि त्यांचं रक्त भरून आलं. १९३१ मध्ये त्यांनी हे जगापुढे मांडलं. त्या अर्कातला गुण म्हणजेच फॉलिक अ‍ॅसिड. १९४१ मध्ये ते वेगळं काढलं, तेही आपल्या पालकाच्या पानांतून.

आता पुढची गंमत बघा. रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींनाही वाढायला हेच लागतं. बोस्टनच्या डॉ. सिडने फार्बर यांनी ते ओळखलं. अमेरिकेत काम करणाऱ्या आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं फॉलिक अ‍ॅसिडची हुबेहूब नक्कल बनवली. पेशी फसतात आणि त्यांची वाढ थांबते. १९४८ साली फार्बरनी सोळा मुलांची हकीकत छापली. त्यातली दहा काही महिने तरी सुधारली होती. त्याआधी असं कुणी पाहिलंच नव्हतं. मेथोट्रेक्झेट त्याच कुळातलं. आज इतर औषधांच्या जोडीनं पुष्कळ मुलं पूर्ण बरी होतात.

ल्युसीबाई १६ एप्रिल १९६४ रोजी गेल्या. परळच्या गिरणीतल्या बायकांसाठी त्यांनी जे शोधलं, त्याचा धागा राजारामपुरीतल्या आमच्या पोरीपर्यंत आला.

तेव्हा सख्यांनो, दिवस असताना गोळी चुकवू नका. पण एकीची गोळी दुसरीला, डॉक्टरांना विचारल्याशिवाय, कधीच देऊ नका. वन्संनी आता दोन्ही डबे वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेत. पोरीचे केस परत आलेत, आणि परवा तिनं वेणी घालायचा हट्ट धरला होता.