वि. स. पागे : रिकाम्या हातांचा हिशेब

महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापतिपद १९६० ते १९७८ अशी सलग १८ वर्षे भूषविणारे विठ्ठल सखाराम पागे लोकांच्या स्मरणात राहिले ते त्या पदामुळे नव्हे, तर रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून. सभापतीच्या हाती ना खाते असते, ना निधी. अशा पदावरील व्यक्तीकडून राज्याच्या अर्थकारणाला कलाटणी देणारी योजना यावी, हे नवलच म्हणावे लागेल.

पागे यांचा जन्म १९१० चा. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुका ही त्यांची कर्मभूमी. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला. गांधीविचार आणि सर्वोदयाचा त्यांच्यावर खोल ठसा होता. तासगावचा कोरडवाहू भाग त्यांनी जवळून पाहिला होता. तेथील शेतमजूर आळशी नव्हता आणि अकुशलही नव्हता. पावसाळ्याचे चार महिने त्याला मान वर करायला सवड नसे. सुगी संपली की मात्र तोच माणूस पारावर बसलेला दिसे.

बेकारीचे हे रूप पुस्तकी बेकारीहून निराळे होते. १९३० च्या दशकातील महामंदीत पाश्चात्त्य देशांतील कारखाने मागणीअभावी बंद पडले आणि केन्स या अर्थशास्त्रज्ञाने त्यावर सरकारी खर्चाचा उपाय सुचविला. आपल्याकडील शेतमजुराची बेकारी बाजारातील मंदीने नव्हे, तर पावसाच्या पंचांगाने ठरते. ही हंगामी बेकारी. तिच्या जोडीला प्रच्छन्न बेकारी असतेच : दोघांच्या कामावर घरचे पाच जण राबतात आणि कागदोपत्री कोणीच बेकार नसतो. रिकामे हात आणि उघडी, धुपून चाललेली जमीन एकाच गावात आहेत, तेव्हा सरकारने मजुरी देऊन त्यांची सांगड घालावी, हा पागे यांचा साधा हिशेब होता. तो त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या गळी उतरविला. साठच्या दशकात तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात त्याचा प्रयोग झाला.

१ मे १९७२ रोजी योजना राज्यभर जाहीर झाली आणि त्याच वर्षी पाऊस रुसला. मराठवाड्यात आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हटले की जुन्या पिढीला मिलो ज्वारी, सुकडी आणि खडी फोडण्याचे काम आठवते. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. ही कामे दुष्काळ निवारणाची होती, हमीची नव्हेत; परंतु काम मिळाले तर माणूस गाव सोडत नाही आणि उपाशीही मरत नाही, हे त्यांनी सिद्ध केले.

पागे यांचे खरे मोठेपण त्यानंतरच्या टप्प्यात आहे, असे वाटते. दुष्काळ सरला तरी त्यांनी हमीचा आग्रह सोडला नाही. दुष्काळी काम ही सरकारची मेहेरबानी असते. ती वाटेल तेव्हा थांबविता येते. पागे यांना हक्क हवा होता. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागणी करणाऱ्याला १५ दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता, हे त्याचे मर्म. पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला आणि राज्य सरकारने तेवढीच भर घालावी असे ठरले. नांदेड-लातूरच्या नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर मुळात मुखेड-कंधारच्या मजुराच्या मजुरीसाठी होता, हे किती जणांना ठाऊक असेल?

अर्थात या औषधाला मर्यादा होती. नांदेडची उस्मानशाही मिल बंद पडली तेव्हा बेकार झालेल्या कामगाराला नालाबांधाचे काम देणे हे उत्तर नव्हते. उद्योगच कालबाह्य होतो तेव्हा निर्माण होणारी ती संरचनात्मक बेकारी. ‘लातूर पॅटर्न’ने गुणवंतांची रांग उभी केली, पण पदवीला साजेशी नोकरी जवळपास नसलेल्या तरुणाच्या हाती कुदळ देऊन भागत नाही. योजनेतही हजेरीपटावर बोगस नावे शिरली, मजुरी रखडली. आणि हमी असूनही दिवाळीनंतर बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील कुटुंबे ऊसतोडीला निघतच राहिली, कारण मुकादमाची उचल आधी हाती पडते आणि सरकारी मजुरी मागाहून.

१९९० मध्ये पागे यांचे निधन झाले. त्याच वर्षी राज्याने रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड सुरू केली आणि खडी फोडणारे हात शेतकऱ्याच्या बांधावर कलमे लावू लागले. पुढे २००५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. फेब्रुवारी २००६ मध्ये तो देशातील २०० जिल्ह्यांत लागू झाला. त्या पहिल्या यादीत महाराष्ट्रातील १२ जिल्हे होते. नांदेड त्यांपैकी एक.