डेनिस रिची : आधी कॉपी, मग बदल!

५ ऑक्टोबर २०११ ला स्टीव्ह जॉब्ज गेले, तेव्हा जगभर हळहळ झाली. आठवडाभराने, १२ ऑक्टोबरला डेनिस रिची न्यू जर्सीतल्या आपल्या घरी मृतावस्थेत सापडले. त्यांची बातमी त्या मानाने फारच कमी लोकांपर्यंत पोचली. फर्स्ट इयरला आपला घाम काढणारी ‘सी’ लँग्वेज याच माणसाची! आपल्या अँड्रॉइड फोनमधलं लिनक्स कर्नेलही मुख्यतः सीमध्येच लिहिलंय.

रिचींचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, न्यूयॉर्कजवळच्या ब्रॉन्क्सव्हिलचा. वडील बेल लॅब्जमध्ये संशोधक. रिची हार्वर्डला फिजिक्स शिकले, मग अप्लाइड मॅथ्सकडे वळले. १९६८ मध्ये पीएचडीचा थिसिस लिहून तयार होता, पण त्याची बाइंड केलेली कॉपी त्यांनी लायब्ररीत जमाच केली नाही. डिग्री राहिली ती राहिलीच.

तोवर ते बेल लॅब्जमध्ये रुजू झाले होते. तिथे केन थॉम्पसन यांनी १९६९ मध्ये युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू केली आणि रिची त्यांच्या जोडीला आले. १९७२ च्या सुमारास सी आकाराला आली. १९७३ मध्ये युनिक्सचं कर्नेल सीमध्ये नव्याने लिहिलं गेलं. १९८३ मध्ये दोघांना ट्युरिंग अवॉर्ड मिळालं.

आता खरी गंमत. सीचा कंपायलर सीमध्येच लिहिलेला होता. म्हणजे त्यात बदल करताना तो बिघडला, तर दुरुस्त कोड कंपाइल करायला काहीच हाताशी उरणार नाही. त्यामुळे जुनी, चालणारी कॉपी म्हणजे जीव की प्राण. टीमने पीडीपी-११/२० हे मशीन सोडलं, तेव्हाच्या कंपायलरची एक कॉपी टेपवर राहिली. कंपायलरच्या कोडमध्ये ‘स्ट्रक्चर’ वापरायला सुरुवात करण्याआधीची दुसरी.

या टेप्स रिचींनी वर्षानुवर्षं जपल्या. पुढे एक जुना टेप ड्राइव्ह मिळाला, टेप्स वाचल्या गेल्या आणि त्यांनी तो कोड सगळ्यांसाठी खुला केला. २००८ मध्ये हौशी मंडळींनी युनिक्सची पहिली आवृत्ती पुन्हा उभी केली. कर्नेलचा कोड फक्त १९७२ च्या छापील कागदांवर उरला होता. तो स्कॅन करून ओळ न् ओळ तपासली, जुन्या टेप्सवरचे प्रोग्रॅम जोडले आणि सिस्टिम सिम्युलेटरवर सुरू झाली. रिचींच्या टेप्सवरचे कंपायलरही पुन्हा चालले.

आणि तो थिसिस? कॅलिफोर्नियाच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने २०२० मध्ये तो लोकांसमोर आणला. कुणीतरी त्याचीही एक कॉपी सांभाळून ठेवली होती.

फायनल इयरचा प्रोजेक्ट करताय? मग आज रात्री कोडला हात लावण्याआधी अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. आणि ती कॉपी उघडून, चालवूनही बघा.