त्रिकोणांचे जाळे विणणारे लॅम्ब्टन साहेब

हैदराबादहून नागपूरला जाताना वाटेत हिंगणघाट स्टेशन लागते. त्या गावी एका इंग्रज मोजणीदाराची कबर आहे, हे आमच्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्ब्टन हे त्यांचे नाव.

त्यांचा जन्म सुमारे १७५३ साली यॉर्कशायरात झाला. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईनंतर त्यांनी दक्षिण हिंदुस्थान त्रिकोणांनी मोजण्याची योजना मांडली. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ साडेसात मैलांची पायारेषा साखळीने मोजण्यास आरंभ झाला. पुढे साखळीचे काम थोडेच. एका टेकडीवरून दुसरीवरची निशाणे पाहून कोन घ्यावयाचे आणि बाकीची अंतरे गणिताने काढावयाची.

१८०८ साली ते सरफोजी राजांच्या तंजावरास होते. (मिशनरी श्वार्ट्झ यांचे शिष्य ते हेच राजे.) तेथे मंदिराच्या उंच शिखरावर चढविताना दोर तुटला व अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र भिंतीवर आपटले. त्याचे वर्तुळच वाकले. दुसरे यंत्र विलायतेहून येण्यास फार काळ लागला असता. साहेब तंबूत शिरले, इतरांना आत येण्यास मनाई केली, आणि सुमारे सहा आठवडे पाचरी व स्क्रू यांनी ते वर्तुळ हळूहळू मूळ आकारावर आणले.

पण असे दुरुस्त केलेले यंत्र खरे सांगते, हे ओळखावे कसे? त्याचे उत्तर जाळ्यातच होते. त्रिकोणाचे तीन कोन मिळून किती भरावेत हे ठरलेले असते. फरक पडला की चूक उघडी होते. शिवाय दूरवर दुसरी पायारेषा मोजून हिशेब ताडून पाहत. बंगलोरला हा फरक अवघ्या काही इंचांचा निघाला होता. कोणत्याही एका ठाण्याच्या शब्दावर न विसंबता शेजारच्या ठाण्यांची साक्ष घ्यावयाची, ही ती रीत.

बिंदू व त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्या अशा जाळ्यास गणिती लोक ग्राफ म्हणतात. शाळेतल्या चौकटीच्या कागदावरचा आलेख तो निराळा. आज यंत्राने घेतलेले चित्र स्वच्छ करण्याची एक पद्धत अशाच जाळ्यावर चालते. चित्रातील प्रत्येक ठिपका शेजाऱ्यांशी धाग्याने जोडतात. सारखे दिसणाऱ्यांचा धागा बळकट, निराळ्यांचा नाजूक. बळकट धाग्यांच्या साक्षीने डाग निवळतो. नदीच्या काठाशी धागा नाजूक असल्याने काठ मात्र पुसला जात नाही. उपग्रहांची चित्रे उतरवून घेणारे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र हैदराबादेतच आहे, हा योगायोग आम्हांस गमतीचा वाटतो. कारण लॅम्ब्टन साहेबांचा मुक्कामही पुढे याच शहरी होता, आणि १८१८ च्या अखेरीस तरुण जॉर्ज एव्हरेस्ट त्यांच्या हाताखाली रुजू झाले तेही येथेच.

वय झाले तरी साहेबांनी काम सोडले नाही. हैदराबादहून नागपूरकडे निघाले असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्यांचे निधन झाले. त्यांच्या त्रिकोणांची माळ एव्हरेस्ट साहेबांनी हिमालयाच्या पायथ्याशी नेली, आणि १८६५ साली जगातील सर्वोच्च शिखराला एव्हरेस्ट यांचे नाव देण्यात आले.