शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून त्याने अंगठ्याने गिटार वाजवली अन् जॅझला नवा आवाज मिळाला

इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्या पोरांचा प्रवास बहुतेक वेळा सारखाच असतो. आधी गिटार येते, मग अ‍ॅम्प्लिफायर येतो. मग कुणीतरी सांगतं की तुझा टोन काही जमत नाही. मग एक पेडल येतं, मग दुसरं येतं. पिकअप बदलून होतात, तारा बदलून होतात, आणि एवढा पैसा ओतूनही आवाज कुणातरी दुसऱ्याचाच वाटत राहतो.

टोन म्हणजे काय, तर आवाजाचा पोत. एकच गाणं दोघांनी वाजवलं तरी डोळे मिटून कोण वाजवतंय हे ज्यामुळे ओळखू येतं, तो टोन.

आज ज्याची गोष्ट सांगतोय, त्याला स्वतःचा टोन कुठल्या दुकानात मिळाला नाही. तो त्याला घरातल्या मागच्या खोलीत मिळाला. कारण काय, तर रात्री उशिरा वाजवलेली गिटार लोकांना सहन होत नव्हती.

त्याचं नाव वेस माँटगोमेरी.

जॅझ गिटारची यादी कुणीही केली तरी ज्याचं नाव वरच्या दोन-तीनात येतंच, असा हा माणूस. जन्म 6 मार्च 1923, अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात. कागदोपत्री नाव जॉन लेस्ली माँटगोमेरी. लेस्लीचं लहानपणीच वेस झालं आणि तेच पुढे चिकटलं.

घर कृष्णवर्णीय कष्टकरी कुटुंबाचं. आईवडील वेगळे झाले तेव्हा मुलं लहान होती, त्यातली काही वर्षं वडिलांजवळ ओहायो राज्यात गेली. थोरला भाऊ मंक याने स्वतःच्या कमाईतून वेससाठी गहाणवटीच्या दुकानातून चार तारांची एक छोटी गिटार आणली. वेस तेव्हा बारा वर्षांचा होता. हाच मंक पुढे इलेक्ट्रिक बेस वाजवणाऱ्या पहिल्या काही जॅझ वादकांपैकी एक झाला. धाकटा भाऊ बडी पियानो आणि व्हायब्रोफोन वाजवायचा. थोडक्यात, घरात संगीत भरपूर होतं, पण शिकवणारा गुरू कुणी नव्हता.

वेसची खरी गोष्ट सुरू होते ती विशीच्या आसपास. लग्न नुकतंच झालेलं, आणि त्याच सुमारास त्याच्या कानावर एक रेकॉर्ड पडली. वाजवणारा होता चार्ली ख्रिश्चन.

हा चार्ली ख्रिश्चन कोण, ते थोडक्यात सांगतो. 1930 च्या दशकापर्यंत बँडमध्ये गिटारला फारशी किंमत नव्हती. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या गदारोळात तिचा आवाजच ऐकू जायचा नाही, त्यामुळे मागे बसून ताल धरणं एवढंच तिचं काम. मग गिटारवर पिकअप बसवायला सुरुवात झाली. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं चुंबक आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. गिटारची तार थरथरली की तिथे वीज तयार होते, ती अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाते आणि मोठा आवाज होऊन बाहेर पडते. चार्लीने बेनी गुडमनच्या बँडमध्ये हे वाद्य हातात घेऊन दाखवून दिलं की गिटारसुद्धा सॅक्सोफोनसारखी पुढे उभी राहून बोलू शकते. 1942 साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला.

वेसने त्याचं 'सोलो फ्लाइट' ऐकलं आणि तो वेडाच झाला. त्याने सहा तारांची इलेक्ट्रिक गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर विकत घेतला. संसाराच्या मानाने हा खर्च मोठा होता. त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं, आणि ते त्याला आयुष्यभर आलं नाही. मग शिकायचं कसं? रेकॉर्ड लावायची, थोडं ऐकायचं, सुई उचलायची, गिटारवर शोधायचं, पुन्हा सुई ठेवायची.

दिवसभर काम असल्यामुळे हा सगळा उद्योग चालायचा तो रात्री.

सतार वाजवताना जशी बोटात मिजराब घालतात, तशी गिटार वाजवायला हातात पिक धरतात. कडक पदार्थाचा छोटा तुकडा असतो तो. पिकने छेडलेली तार अ‍ॅम्प्लिफायरमधून खणखणीत वाजते. रात्रीच्या शांततेत तर विचारूच नका. तक्रार सुरू झाली. कुणी सांगतं शेजारी वैतागले, कुणी सांगतं बायकोच वैतागली. वेस मागच्या खोलीत गेला, पिक बाजूला ठेवली आणि अंगठ्याच्या मांसल भागाने तारा छेडू लागला.

आवाज एकदम मऊ झाला. तक्रारी थांबल्या.

इथे गोष्ट संपली असती तर ती नुसती गंमत ठरली असती. खरा पेच पुढे आहे.

कारण अंगठ्याने वाजवणं हे गिटारवादकासाठी तोट्याचं काम होतं. पिकने तारेवर खाली-वर असे दोन्ही आघात पटापट करता येतात. अंगठ्याने एकेरी सूर वाजवताना वेस जवळजवळ सगळे आघात वरून खालीच करायचा. म्हणजे वेगाच्या शर्यतीत तो सुरुवातीलाच मागे पडणार. त्या काळात बीबॉप नावाचं प्रचंड वेगवान जॅझ जोरात होतं. अशा वेळी पिक सोडणं म्हणजे सायकलची चेन काढून शर्यतीला उभं राहण्यासारखं.

वेसला हे कळत नव्हतं असं नाही. त्याने मध्येच पिककडे परत जाण्याचा प्रयत्नही केला होता. हात चांगला चालत होता, पण कानाला तो आवाज पटेना. वेग पिकमध्ये होता आणि त्याला हवा असलेला सूर अंगठ्यात. दोन्ही एकदम मिळणार नव्हते, त्यामुळे एक सोडणं भाग होतं. त्याने वेग सोडला.

आता हा अंगठ्याचा आवाज वेगळा का येतो? त्यामागे साधं विज्ञान आहे. कोणतीही तार वाजते तेव्हा तिच्यातून एकच सूर निघत नाही. मूळ सूर असतो आणि त्याच्यावर अनेक बारीक, तीव्र उपसूर असतात. पिकचं टोक टणक आणि अरुंद. ते तार झटक्यात सोडतं, त्यामुळे तीव्र उपसूर भरपूर उठतात आणि आवाज धारदार येतो. अंगठ्याची कातडी मऊ आणि रुंद. ती ते तीव्र उपसूर उठण्याआधीच बरेचसे दाबून टाकते. उरतो तो गोल, भरदार सूर.

बाकीची जुळणीही त्याच दिशेची. वेसची ओळख झालेली गिटार म्हणजे गिब्सन कंपनीची एल-5, आतून पोकळ आणि मोठ्या अंगाची. तारा जाड आणि बाहेरून गुळगुळीत. पिकअप मानेजवळचा, जिथे मूळ सूर जास्त पकडला जातो. पण हीच गिटार आणि अशाच तारा इतरांकडेही होत्या. तसा अंगठा मात्र कुणाकडे नव्हता.

जॉर्ज बेन्सन हा पुढच्या पिढीतला मोठा गिटारवादक. त्याने वेसच्या अंगठ्याबद्दल एक भारी गोष्ट सांगितलीय. वाजवून वाजवून वेसच्या अंगठ्यावर एक घट्टा पडला होता. हळुवार जागी तो अंगठ्याचा मऊ भाग वापरायचा आणि धार हवी असेल तेव्हा घट्टा. म्हणजे जे काम लोक पुढे बटणं फिरवून करू लागले, ते हा माणूस कातडीने करत होता.

अंगठ्यातून दुसरी एक गोष्ट निघाली, ती म्हणजे ऑक्टेव्ह. एकच सूर खालच्या आणि वरच्या सप्तकात एकदम वाजवायचा. म्हणजे खालचा सा आणि वरचा सा एकाच आघातात. गिटारवर हे दोन सूर शेजारच्या तारांवर येत नाहीत, मध्ये एखादी तरी तार राहते. वेस डाव्या हाताच्या बोटांनी दोन सूर धरायचा, त्याच बोटांच्या स्पर्शाने मधल्या तारा मुक्या करायचा आणि अंगठा सरळ सगळ्यांवरून फिरवायचा. वाजायचे फक्त दोनच सूर.

हे त्याच्या आधीही वाजवलं गेलं होतं. पण अख्खी धून, अख्खा सोलो ऑक्टेव्हमध्ये आणि तोही एकेरी सुराच्या सहजतेने वाजवणं ही वेसची करामत. सुरुवातीला त्या ताणाने त्याचं डोकं दुखायचं. हळूहळू त्याच्या सोलोची एक रचना ठरून गेली. आधी एकेरी सूर, मग ऑक्टेव्ह, मग पूर्ण कॉर्ड. तीन पायऱ्यांचा जिना चढावा तसा.

पण हे सगळं व्हायला वेळ लागला, आणि त्या वेळात पोटही भरायचं होतं.

वेसला पहिलं काम मिळालं ते नकलेचं. इंडियानापोलिसमधल्या एका क्लबात तो चार्ली ख्रिश्चनचे सोलो सुरावर सूर ठेवून वाजवायचा. ते संपले की मंचावरून खाली उतरायचा, कारण दुसरं काही येतच नव्हतं. पुढे 1948 मध्ये लायोनेल हॅम्प्टनच्या नावाजलेल्या बँडमध्ये त्याची वर्णी लागली. विमानाची धास्ती असल्याने हा गडी गावोगाव गाडी चालवत जायचा. दोन वर्षांत घराची ओढ अनावर झाली आणि 1950 मध्ये तो परत आला.

त्यानंतरची आठ-नऊ वर्षं त्याचा दिनक्रम असा होता. सकाळी सात ते दुपारी तीन कारखान्यात नोकरी. रात्री नऊ ते दोन टर्फ बार नावाच्या ठिकाणी गिटार. तिथून अडीच ते पहाटे पाच मिसाइल रूम नावाच्या दुसऱ्या क्लबात पुन्हा गिटार. आणि सकाळी सातला परत कारखाना. घरात मुलाबाळांचा मोठा पसारा होता, त्यामुळे एकही काम सोडणं परवडणारं नव्हतं.

जॅझमध्ये नाव काढायचं तर न्यू यॉर्क गाठावं लागायचं. वेस गेला नाही. पस्तिशी उलटली तरी शहराबाहेर त्याला ओळखणारे मोजकेच होते.

मग 1959 साल उजाडलं. सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अ‍ॅडर्ली दौऱ्यावर इंडियानापोलिसला आला होता. कार्यक्रम संपल्यावर लोक त्याला मिसाइल रूममध्ये घेऊन गेले. त्याने वेसला ऐकलं आणि थक्क झाला. परत जाताच त्याने रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीच्या ओरिन कीपन्यूज यांच्यामागे लकडा लावला की या माणसाला ताबडतोब घ्या. कीपन्यूज स्वतः इंडियानापोलिसला आले, त्यांनी वेसला ऐकलं आणि करार केला. ऑक्टोबर 1959 मध्ये पहिलं रेकॉर्डिंग झालं. वेस तेव्हा 36 वर्षांचा होता.

जानेवारी 1960 मध्ये 'द इन्क्रेडिबल जॅझ गिटार ऑफ वेस माँटगोमेरी' रेकॉर्ड झाला, आणि हा आवाज कुठून आला असं लोक विचारू लागले. आवाज तर पंधरा वर्षं तिथेच होता, पहाटे पाचपर्यंत वाजत होता. पुढे 1965 मध्ये वेस युरोपला गेला तेव्हाचं चित्रीकरण आजही बघायला मिळतं. तोंडावर हसू, चेहऱ्यावर कसलाही ताण नाही, आणि उजव्या हाताचा अंगठा सोडून बाकी बोटं गिटारच्या अंगावर निवांत टेकलेली.

शेवटच्या काही वर्षांत मात्र नवा पेच आला. रिव्हरसाइड बुडाली. वेस व्हर्व्ह कंपनीकडे गेला आणि निर्माता क्रीड टेलरबरोबर त्याने लोकप्रिय गाण्यांच्या धुना, मागे व्हायोलिनचा ताफा, अशा रेकॉर्ड केल्या. 'गोइंग आउट ऑफ माय हेड'ला ग्रॅमी मिळालं. 1967 मध्ये बीटल्सच्या गाण्यावरून नाव घेतलेला 'अ डे इन द लाइफ' आला आणि तुफान खपला.

जॅझचे कट्टर रसिक नाराज झाले. एवढा मोठा वादक नुसती धून वाजवतो, विस्तार कुठेय, असा त्यांचा आक्षेप. तो अगदीच चुकीचा नव्हता, त्या रेकॉर्डमध्ये जोखीम कमी आहे. पण ज्याने वर्षानुवर्षं कारखाना आणि दोन क्लब सांभाळून घर चालवलं, त्याला आता कुठे गिटारवर संसार नीट चालवता येत होता. शिवाय प्रत्यक्ष मैफलीत तो पूर्वीसारखाच जीव ओतून वाजवत होता. आणि त्या व्हायोलिनच्या गर्दीतसुद्धा पहिल्या दोन सुरांत कळतं की हा वेस आहे.

हे सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. 15 जून 1968 रोजी इंडियानापोलिसमधल्या राहत्या घरी त्याला हृदयविकाराचा झटका आला. वय होतं फक्त 45. जगाने त्याला ओळखल्यापासून नऊ वर्षंही झाली नव्हती.

आज त्याच्या गावात त्याच्या नावाचं उद्यान आहे. जॉर्ज बेन्सनपासून पॅट मेथेनीपर्यंत अनेकांनी त्याचं ऋण मान्य केलंय. ऑक्टेव्ह शिकवणारा कुणीही मास्तर त्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाही. चार्लीचे सोलो घोटून सुरू झालेला माणूस शेवटी दुसऱ्यांनी घोटायचा विषय झाला.

तुमच्याकडे गिटार असेल तर आज रात्री एक करून बघा. पिक बाजूला ठेवा आणि रोज वाजवता तीच धून अंगठ्याने वाजवा. वेग कमी होईल, दोन-चार सूर चुकतीलही. पण जो आवाज येईल तो नीट ऐका, तो तुमच्या हाताचा असेल. आवडला तर ठेवा, नाही आवडला तर पिक आहेच.

आणि हो, शेजाऱ्यांची झोपही शाबूत राहील.