न उचललेले मूल

बाळ रडू लागले की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. आजी उचलायला धावते आणि पुस्तके वाचून तयार झालेले आईबाप तिला अडवतात. हातावर राहायची सवय लागेल, हे त्यांचे कारण. त्यांच्या या धाकाला एकेकाळी शास्त्राचा शिक्का मिळवून दिला तो जॉन वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने.

वॉटसनचा जन्म १८७८ सालचा, साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलजवळचा. आई कमालीची धर्मनिष्ठ, वडील दारूच्या आहारी गेलेले. जॉन तेरा वर्षांचा असताना ते घर सोडून गेले. पोरगा मात्र जिद्दीचा. शिकागो विद्यापीठात उंदरांवर संशोधन करून त्याने १९०३ साली डॉक्टरेट मिळवली आणि तिसाव्या वर्षी तो बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक झाला.

१९१३ साली त्याने वर्तनवादाचा झेंडा रोवला. मन कोणाला दिसत नाही. जे दिसते आणि मोजता येते त्या वागण्याचाच अभ्यास करावा, हे त्याचे सूत्र. जेवणाआधी ठरावीक आवाज ऐकवत गेले, की पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे रशियात पावलॉव्हने दाखवले होते. माणूसही असाच शिकतो, असे वॉटसनने ठरवले.

पुरावा म्हणून त्याने अकरा महिन्यांचे मूल निवडले. अल्बर्ट नावाने ओळखले जाणारे हे बाळ पांढऱ्या उंदराला बिनधास्त हात लावी. वॉटसन आणि त्याची विद्यार्थिनी रोझाली रेनर यांनी उंदीर पुढे आला की बाळाच्या पाठीमागे पोलादी कांबेवर हातोडा हाणला. काही वेळा असे झाल्यावर नुसता उंदीर दिसला तरी बाळ रडू लागले. पुढे ससा, कुत्रा, केसाळ कोट यांनाही घाबरू लागले. ही भीती काढण्याआधीच ते इस्पितळातून गेले. प्रयोग १९२० साली प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी रोझालीशी जुळलेल्या प्रेमामुळे वॉटसनची नोकरी गेली. घटस्फोट झाला, रोझालीशी लग्न झाले. तो जाहिरातीच्या धंद्यात शिरला आणि चार वर्षांत एका बड्या कंपनीचा उपाध्यक्ष झाला.

१९२८ साली त्याचे बालसंगोपनावरचे पुस्तक आले. मुलांना मांडीवर घेऊ नका, मुके घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा, असा उपदेश त्यात होता. स्वतःच्या दोन मुलांना त्याने तसेच वाढवले. रोझालीने १९३० साली एका लेखात आपल्याला मुलांचे लाड करावेसे वाटतात, हे कबूल केले. १९३५ साली ती आमांशाने गेली. मोठा मुलगा मनोविकारतज्ज्ञ झाला, आणि त्याने स्वतःच आपले आयुष्य संपवले.

जमेची बाजूही लिहायला हवी. त्याच्या सल्ल्याने मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या मुलाला खाऊ खाताना ससा थोडा थोडा जवळ आणत निर्भय केले. शिकवलेली भीती विसरवताही येते, हे त्यातून दिसले. आजच्या उपचारांतही तेच सूत्र वापरले जाते.

१९५७ साली मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने त्याचा गौरव करायचे ठरवले. तो न्यूयॉर्कपर्यंत आला, पण ऐन वेळी त्याने मुलाला पुढे पाठवले. व्यासपीठावर आपल्याला रडू कोसळेल, याची त्याला भीती वाटली होती. पुढच्या वर्षी तो वारला.

हे वाचल्यापासून आमच्या घरात मी आजीच्या पक्षात आहे.